श्वसन घरच्या घरी कसं दाखवायचं: चुन्याची निवळी, मटकी आणि तालमीतला दम

कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात मी 29 वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. पोरं मामा म्हणायची. शिकवायचं काम सरांचं आणि बाईंचं; माझ्याकडं परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटच्या दिव्याची वात कातरणं आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी कडधान्य भिजत घालणं. आता निवृत्त झालोय, पण दिवाळीची सुट्टी संपली की गल्लीतली दहावीची पोरं वही घेऊन येतात आणि सजीवांच्या जीवनप्रक्रिया काढून बसतात. पोषण, वहन, उत्सर्जन यात ती फारशी अडत नाहीत. अडतात श्वसनावर.

पाठ नसतं असं नाही. ग्लायकोलिसिस, क्रेब चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी, सगळं घडाघडा म्हणून दाखवतात. मग मी विचारतो, "दारातली तुळस आत्ता, भर दुपारी दोन वाजता, श्वसन करते का?" बहुतेक जण मान हलवून नाही म्हणतात. "मामा, दिवसा ती अन्न तयार करते. श्वसन रात्री." हे वाक्य मी प्रयोगवह्यांत वर्षानुवर्षं वाचलंय आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलंय. कारण यात पोरांची चूक नाही. त्यांनी श्वसन कधी डोळ्यांनी बघितलेलंच नसतं.

श्वास आणि श्वसन या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. श्वास म्हणजे हवा आत घेणं आणि बाहेर सोडणं; त्यासाठी नाक, कल्ले, छिद्रं, पर्णरंध्रं अशा वाटा आहेत. श्वसन होतं त्याच्या पुढं, प्रत्येक जिवंत पेशीत. तिथं ग्लुकोज फोडून ऊर्जा काढली जाते आणि ती एटीपी नावाच्या रेणूत भरून ठेवली जाते. ही ऊर्जा जिवंत पेशीला दर क्षणी लागते. मग ती पेशी पैलवानाच्या मांडीतली असो, मुंगीतली असो की तुळशीच्या मुळातली. दिवस-रात्र असा भेद तिथं नाही. खाली जे सांगतोय त्यातलं बहुतेक सगळं स्वयंपाकघरातल्या सामानात होतं आणि एका शनिवार-रविवारात बसतं.

सगळ्यात आधी चुन्याची निवळी. ही नीट जमली तर पुढचं सगळं जमतं, म्हणून इथं घाई करू नका. पानपट्टीवरून खायच्या चुन्याची ताजी पुडी आणा. एक लिटर पाण्यात सपाट चमचाभर चुना टाका, बाटली घट्ट बंद करून दोन-तीन मिनिटं हलवा आणि रात्रभर जागची हलवू नका. सकाळी चुना तळाला बसलेला असतो आणि वर काचेसारखं स्वच्छ पाणी दिसतं. तीच निवळी. ती हळूच दुसऱ्या बाटलीत काढा, तळ ढवळू देऊ नका, आणि बाटली काठोकाठ भरून बूच लावा. उघडी ठेवली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळं तिच्यावर दुधाळ पापुद्रा धरतो आणि ती वाया जाते.

हे मी धडा घेऊन शिकलोय. एका वर्षी बाहेरचे परीक्षक प्रात्यक्षिकाला येणार होते. मी कपाटातल्या जुन्या डब्यातला चुना वापरला. डब्याचं झाकण सैल होतं, पण त्याकडं माझं लक्ष गेलं नाही. मुलगी नळीतून फुंकतेय, फुंकतेय, गाल लाल झाले, आणि निवळी आहे तशीच. तिला रडू फुटलं. तिचं काही चुकलं नव्हतं. डब्यातल्या चुन्यानं हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच पिऊन टाकला होता आणि त्याची चुनखडी झाली होती. ती पाण्यात विरघळत नाही, मग निवळीत उतरणार काय? त्या दिवसापासून चुना ताजा आणायचा आणि मुलांच्या हातात द्यायच्या आधी निवळी स्वतः फुंकून बघायची, हा नियम मी मोडला नाही.

आता दोन पेले घ्या, दोन्हीत तीन-चार बोटं निवळी ओता. एका पेल्यात स्ट्रॉनं सावकाश फुंका. फुंकायचं, ओढायचं नाही. निवळी तोंडात किंवा डोळ्यात गेली तर जळजळते, म्हणून लहान मुलांना एकटं सोडू नका. अर्ध्या मिनिटाच्या आसपास निवळी ताकासारखी पांढरी होते. दुसऱ्या पेल्यात सायकलच्या पंपानं नळीतून वीस-पंचवीस वेळा हवा मारा. ती जवळजवळ तशीच राहते. हा दुसरा पेला कधीही वगळू नका. त्याच्याशिवाय पोरगं म्हणेल, हवा लागली म्हणून पांढरं झालं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्के, आपण सोडलेल्या हवेत 4 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे शंभरपट. आणि ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर येतो. सगळा ऑक्सिजन संपत नाही, हेही सांगा. बरीच मुलं तसं समजतात.

इथवर प्राण्याचं झालं. आता मटकी.

शुक्रवारी रात्री दोन वाट्या मटकी भिजत घाला. शनिवारी सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. संध्याकाळपर्यंत मोड डोकावायला लागतात. काचेची एक लिटरची रुंद तोंडाची बरणी घ्या, ती मोडाच्या मटकीनं निम्मी भरा, मध्ये निवळीची छोटी वाटी नीट बसवा आणि झाकण घट्ट लावा. शेजारी दुसरी बरणी अगदी तशीच, फक्त तिच्यातली मटकी उकळून गार केलेली. रात्रभर ठेवा.

रविवारी सकाळी दोन्ही वाट्या शेजारी धरून बघा. मोडाच्या बरणीतल्या वाटीवर पांढरी साय धरलेली असते. उकळलेल्या बरणीतली निवळी बहुतेक स्वच्छ. आता मोठ्या माणसानं मोडाच्या बरणीचं झाकण किंचित सरकवून जळती काडी आत सोडावी. आत जाताच विझते. उकळलेल्या बरणीत ती थोडा वेळ जळत राहते. पोरांचे चेहरे त्या क्षणी बघण्यासारखे असतात. काडी विझते, म्हणजे ज्या मटकीला नाक नाही, फुप्फुस नाही, त्या मटकीनं रात्रीत बरणीतला ऑक्सिजन वापरला. दोन दिवस थांबू नका मात्र. उकळलेल्या मटकीवर बुरशी आणि जिवाणू वाढले की तेही श्वसन करतात आणि तुमची तुलना बिघडते.

सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवात साठवायचे. पेव उघडलं की कोणी लगेच आत उतरायचं नाही. कंदील सोडून बघायचा, ज्योत टिकते का. तुमच्या बरणीतली काडी आणि तो कंदील एकच गोष्ट सांगतात. घरात कोणी जुन्या आडात किंवा बंद टाकीत उतरणारं असेल तर त्यांनाही ही बरणी दाखवा. आणि हेही सांगा, की ज्योत टिकली म्हणजे धोका टळला असं होत नाही. आत विषारी किंवा पेट घेणारा वायूही असू शकतो.

श्वसनात ऊर्जा निघते हे शब्द पोरांना पोकळ वाटतात. त्यासाठी फडक्यात बांधलेल्या मोडांच्या गाठोड्यात मधोमध बोट घालायला सांगा. आपल्याकडं मिसळवाले मटकी पोत्यानं भिजवतात. मोड आलेल्या त्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत चक्क ऊब लागते. ग्लुकोजमधली सगळी ऊर्जा एटीपीत जात नाही, निम्म्याहून जास्त उष्णता होऊन निसटते. तीच ती ऊब. आपलं अंग गरम असतं तेही त्याच कारणानं.

आता तुळशीचा प्रश्न. तीन बरण्या लागतील. दोन बरण्यांत पालकाची ताजी मूठभर पानं आणि निवळीची वाटी, तिसरीत तुलनेसाठी नुसती वाटी. पानांची एक बरणी काळ्या कापडात गुंडाळा, दुसरी खिडकीत उजेडात ठेवा. सकाळी नऊला ठेवून संध्याकाळी पाचला उघडा. काळ्या कापडातली निवळी दुधाळ, खिडकीतली जवळजवळ स्वच्छ. इथं थांबून पोरांना बोलू द्या, कारण सगळा गोंधळ याच जागी आहे. कोणी तरी म्हणेलच, "बघा, उजेडात श्वसन नाही!" तेव्हा त्याला विचारा: उजेडात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड गेला कुठं? त्याच पानानं प्रकाशसंश्लेषणासाठी तो परत ओढून घेतला. दिवसा बनवणं वापरण्यापेक्षा कितीतरी जास्त चालतं, म्हणून वापर दिसत नाही. घरात दुपारी भाकऱ्या थापल्या जात असतात तेव्हा कोणी जेवत असलं तरी टोपलं भरतच जातं. रात्री चूल विझली की तेच टोपलं उतरताना दिसतं. हे उदाहरण मी एका पोरीला दिलं होतं. तिनं प्रयोगवहीतलं जुनं वाक्य स्वतःहून खोडलं आणि लिहिलं, "वनस्पती चोवीस तास श्वसन करतात." ती वही मला अजून आठवते.

जाता जाता पानाच्या वाटाही दाखवा. जास्वंदीचं पान गरम पाण्यात बुडवून धरा. उकळतं नको, हात पोळेल इतकं पुरे. पानाच्या आतली हवा तापून फुगते आणि बारीक बुडबुडे बाहेर येतात, खालच्या बाजूनं जास्त. तिथं पर्णरंध्रं जास्त असतात म्हणून. खोडाला वल्करंध्रं असतात, मुळं मातीतल्या फटींमधल्या हवेवर जगतात.

मुळांचं मात्र उडत्या पावलांनी सांगून भागत नाही, निदान आपल्या भागात नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगा 43 फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली. माझ्या मेव्हण्याचा ऊस प्रयाग चिखलीच्या बाजूला. पाणी उतरल्यावर आम्ही बांधावर गेलो. ज्या उसाचा शेंडा पाण्यावर राहिला होता तो हिरवा होता, ज्याच्या पोंग्यात गाळ बसला तो गेला. मेव्हण्यानं एक बुडखा उपटला, मुळ्या काळ्या पडलेल्या, आणि आंबूस वास. तो म्हणाला, "दाजी, पाण्यानं मेला न्हवं, गुदमरून मेला." अगदी बरोबर बोलला. मातीच्या फटींत पाणी भरलं की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती विनॉक्सिश्वसनावर, म्हणजे ऑक्सिजनशिवायच्या श्वसनावर येतात. त्यात ऊर्जा तुटपुंजी आणि अल्कोहोलसारखे नको ते पदार्थ साचतात. आपल्या शेतकऱ्याचा वाफसा हा शब्द मला म्हणून फार मोलाचा वाटतो. ओलही आहे आणि हवाही आहे अशी मातीची अवस्था, एका शब्दात. घरी बघायचं तर दोन प्लास्टिकच्या पेल्यांत मटकीची रोपं लावा, एकाच्या तळाला भोकं पाडा, दुसऱ्याला नको, आणि दोन्हींना रोज भरपूर पाणी घाला. आठ-दहा दिवसांत बिनभोकाच्या पेल्यातली पानं पिवळी पडतात. रोपं उपटून मुळांचा वास घ्या.

तो आंबूस वास तुम्हाला आणखी एका ठिकाणी येईल. मोडाच्या मटकीची बरणी दीड दिवस बंद ठेवून उघडलीत तर. आतला ऑक्सिजन संपल्यावरही मटकी लगेच मरत नाही. ती ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज अर्धवट फोडायला लागते. श्वसनाचे दोन प्रकार पाठ करायच्या आधी हा वास नाकात बसू दे.

विनॉक्सिश्वसन उघड दिसतं ते यीस्टमध्ये. पेलाभर पाणी उकळून कोमट करा, दोन चमचे गूळ विरघळवा, चमचाभर कोरडं यीस्ट घाला, बाटलीत ओतून वर तेलाचा पातळ थर सोडा. उकळल्यानं पाण्यातला ऑक्सिजन निघून जातो, तेलामुळं वरून नवीन शिरत नाही. पाणी फार गरम असेल तर यीस्ट मरतं, मनगटावर थेंब टाकून बघा. बुचाला भोक पाडून सलाईनची नवी नळी बसवा, कडेनं मेण लावा, आणि नळीचं दुसरं टोक निवळीत सोडा. तासाभरात बुडबुडे आणि दुधाळ निवळी. नळी नसेल तर तोंडाला फुगा लावा, तोही उभा राहतो. बूच घट्ट मारून बाटली कधीही बंद करू नका, फुटते.

दुसऱ्या दिवशी बाटलीचा वास घ्या. अल्कोहोल. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवनीत मळीपासून हेच यीस्ट हेच काम करतं, आणि तेच इथेनॉल पुढं पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. पोरांना मी प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा लावून दाखवायचो. निळी ज्योत उठायची. "ही ऊर्जा कुठली?" यीस्टनं ग्लुकोज खाल्लं, पण अर्धवट फोडून सोडून दिलं, उरलेली ऊर्जा त्या अल्कोहोलमध्ये तशीच पडून आहे, म्हणून तर ते जळतं. एका ग्लुकोजमागं विनॉक्सिश्वसनात 2 एटीपी मिळतात, ऑक्सिश्वसनात, म्हणजे ऑक्सिजन घेऊन होणाऱ्या श्वसनात, शालेय हिशेबानं 38. अलीकडच्या मोजणीत 30 ते 32 धरतात, पण परीक्षेत पुस्तकातला आकडा लिहा. ऑक्सिश्वसनाचा पहिला टप्पा, ग्लुकोज फोडण्याचा, पेशीद्रव्यात होतो आणि त्याला ऑक्सिजन लागत नाही. तो दोन्ही प्रकारांत सारखा. पुढचं क्रेब चक्र आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात. ऑक्सिजन लागतो तो तिथं, साखळीच्या शेवटी, आणि त्याचं पाणी होतं.

तालमीतल्या पोरांना तिसरी तऱ्हा सांगावी लागत नाही, ती अंगानं माहीत असते. आमच्या शाळेतला एक मुलगा पहाटे तालमीत जायचा. एकदा त्यानं विचारलं, "मामा, जोर-बैठका मारताना शेवटी मांड्या पेटतात. वस्ताद म्हणतात दम कमी पडतो. छातीतला दम आणि मांडीचं काय नातं?" इतका नेमका प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता. जोराच्या मेहनतीत स्नायूला ऊर्जा इतक्या झपाट्यानं लागते, की रक्तानं आणलेला ऑक्सिजन पुरत नाही. मग स्नायू ग्लुकोज अर्धवट फोडतो आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. यात अल्कोहोल नाही, कार्बन डायऑक्साइडही नाही. यीस्ट आणि स्नायू यांची सरमिसळ उत्तरपत्रिकेत फार दिसते. दही लावणारे जिवाणूही लॅक्टिक आम्लच करतात, म्हणून दही आंबतं आणि फुगत नाही. बैठका थांबल्यावरही आपण धापा टाकत राहतो, कारण साचलेलं ते आम्ल निस्तरायला ऑक्सिजन लागतो. त्यातलं बरंच यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होतं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते मात्र या आम्लामुळं नाही. आम्ल तासाभरात निघून जातं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळं.

हे तपासायचं असेल तर बसून एका मिनिटातले श्वास मोजा, मग तीस बैठका मारून लगेच पुन्हा मोजा. दोन्ही वेळी ताज्या निवळीत फुंकून ती किती सेकंदात पांढरी होते तेही लिहा. कागदावरचे ते चार आकडे पोरगं विसरत नाही.

प्राण्यांच्या वाटांपैकी एकच जवळून दाखवा: मासा. मासळी बाजारात कोळीण मावशींना विनंती केलीत तर त्या कल्ल्याचं झाकण उचलून दाखवतात, एखादा कल्ला कापून देतातही. तो घरी आणून वाडग्यातल्या पाण्यात सोडा. लाल झालर फणीच्या दातांसारखी सुटी होऊन पसरते. मग चिमटीनं बाहेर उचला. सगळे दात एकमेकांना चिकटून त्याचा एक लोळा होतो. बाहेरच्या हवेत पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन असून मासा का तडफडतो, ते एका चिमटीत कळतं. मरळ बाजाराच्या घमेल्यात तासन् तास जगते, कारण तिला हवेतला ऑक्सिजन घेणारा जादा अवयव असतो. नाकतोडा काचेच्या बरणीत ठेवून त्याच्या पोटाचं वरखाली होणं बघा, बाजूची छिद्रं शोधा, आणि सोडून द्या. गांडूळ ओल्या कातडीनं श्वास घेतं. त्याला कोरडं पडू देऊ नका, बघून झालं की कुंडीत परत.

शेवटी भांडी धुताना निवळीच्या पेल्याला पांढरा थर चिकटलेला दिसेल. घासून निघत नाही. त्यात चमचाभर व्हिनेगर ओता आणि पोराला शेजारी उभं करा. थर फसफसून सुटायला लागतो आणि बुडबुडे वर येतात. त्यानं काल फुंकलेला कार्बन डायऑक्साइड चुन्यात अडकून बसला होता, तोच आता बाहेर निघतोय.